गाय कुठे आहे? : परकी भाषा, मोबाईल आणि ‘अस्सल’ सामग्री

विषयाचं नाव आयोजकांनी भारदस्त दिलेलं आहे: परकी भाषा शिकवताना डिजिटल साधनांचा आणि अस्सल सामग्रीचा उपयोग. आम्ही भाषाशिक्षक नाही. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. मग इथे बोलायचा अधिकार काय, असं कुणी विचारलं तर उत्तर एवढंच की ‘अस्सल’ हा शब्द लोक फार सहजपणे वापरायला लागले की तत्त्वज्ञानवाल्याला राहवत नाही. तो विचारतो, अस्सल म्हणजे नेमकं काय, आणि कुणासाठी?

आणि हा प्रश्न इथे चिंचोटीत विचारायला एक ताजं कारण आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी करार केला. सुरुवातीला दहा हजार कुशल माणसं तिकडे पाठवायची, म्हणजे परिचारिका, वृद्धांची देखभाल करणारे, वायरमन, ड्रायव्हर, हॉटेलातले कामगार, आणि त्यांना इथे जर्मन शिकवायचं. कराराचा सरकारी हिशेब हा आजचा विषय नाही. पण त्यानंतर, आणि खरं तर त्याच्याही आधीपासून, वसई-विरारच्या लोकलमध्ये कानात वायर घालून पुटपुटणारी मुलं-मुली दिसतात. त्यातली काही जर्मन पुटपुटत असतात. नर्स म्हणून तिकडे पूर्ण मान्यता हवी तर साधारण बी-२ पातळीची भाषा लागते. युरोपनं भाषेच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या ठरवल्या आहेत, त्यातली ही चौथी. चौथ्या पायरीपर्यंत पोचण्यात घरचे पैसे जातात, वर्ष-दोन वर्षं जातात. तेव्हा ही मुलं ज्या साधनांनी शिकतायत ती साधनं नीट तपासली पाहिजेत.

आधी ‘अस्सल सामग्री’चा अर्थ. जुन्या पाठ्यपुस्तकांतली वाक्यं शिकवण्यासाठी म्हणून रचलेली असत. अमुक विभक्ती शिकवायची ना, मग तिच्यासाठी एक वाक्य घडवा. माणूस असं कधी बोलतो का, याची फिकीर नसे. १९७० नंतर युरोपात वारं फिरलं. भाषा बोलण्यासाठी, काम करून घेण्यासाठी शिकवा असं म्हणणारी मंडळी पुढे आली. त्यांनी वर्गात वर्तमानपत्र आणलं, रेल्वेचं वेळापत्रक आणलं, हॉटेलचं मेनूकार्ड आणलं, रेडिओवरच्या बातम्या आणल्या. म्हणजे जे शिकणाऱ्यासाठी बनवलेलंच नाही, ते. त्याला नाव पडलं अस्सल सामग्री. इंटरनेट आल्यावर या सामग्रीचा महापूरच आला. पूर्वी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्स म्युलर भवनात जर्मन वर्तमानपत्र मिळालं तर मुलं ते जपून वाचायची. आज तेच विरारच्या गाडीत, उभ्या उभ्या, खिशात असतं.

ही कल्पना युरोपला १९७० साली पहिल्यांदा सुचली असं मात्र समजू नका. विल्यम केरीनं १८०५ साली श्रीरामपूरहून मराठीचं व्याकरण काढलं, कंपनीच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यांसाठी. त्या पुस्तकाच्या नावातच सांगितलेलं आहे की याला नेहमीच्या विषयांवरचे संवाद जोडले आहेत. म्हणजे नुसतं व्याकरण घोकून साहेबाला रयतेशी बोलता येणार नाही, हे त्याला उमगलेलं होतं. आणि आपल्या दारातलंच उदाहरण घ्या. सतराव्या शतकात कुणा पोर्तुगीज मिशनऱ्यानं ‘उत्तरेकडच्या बोली’चं व्याकरण लिहून ठेवलं. उत्तर म्हणजे गोव्याच्या उत्तरेला, वसई-ठाणे-साष्टीचा हा पट्टा. ते हस्तलिखित कुन्हा रिव्हारा यांनी १८५८ मध्ये गोव्यात छापलं. पुस्तकातली प्रतिष्ठित भाषा सोडून या किनाऱ्यावर लोक बोलतात ती बोली त्या माणसानं व्याकरणाला घेतली, कारण त्याला माणसांशी काम होतं. हेतू धर्मप्रसाराचा होता, राज्याचा होता, हे आम्ही विसरत नाही. पण हेतू पक्का असला की माणूस अस्सल भाषेकडे आपोआप जातो.

आता मुद्द्याकडे. हेन्री विडोसन नावाचे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी १९७८ मध्ये एक बारीक भेद केला आणि आमच्या मते तोच या सगळ्या चर्चेतला कळीचा भेद आहे. मजकूर मुळातला असणं ही एक गोष्ट, आणि वाचणाऱ्याचं त्याच्याशी खरं नातं जुळणं ही दुसरी. मुळातलेपण मजकुरात असतं. अस्सलपण वाचणारा त्याच्याशी काय करतो त्यात असतं.

हे आपल्याकडे फार आधी सांगून झालेलं आहे, बरं का. मीमांसकांनी प्रश्न घेतला: मूल भाषा शिकतं कसं? त्याला कोश नाही, व्याकरण नाही. उत्तर दिलं, वृद्धव्यवहारानं. घरातला मोठा माणूस दुसऱ्या जाणत्याला सांगतो, गाय आण. तो उठतो, एक जनावर घेऊन येतो. मूल बघतंय. मग मोठा म्हणतो, गाय बांध. आता जनावर तेच, पण काम निराळं. मग म्हणतो, घोडा आण. आता काम पहिलंच, जनावर निराळं. एक शब्द काढला, दुसरा घातला, आणि अंगणात काय बदललं ते मूल पाहतं. याला त्यांनी आवाप आणि उद्वाप म्हटलं, घालणं आणि काढणं. यात चार गोष्टी लागतात: सांगणारा, ऐकून करणारा, पाहणारं मूल, आणि गाय. प्रभाकराच्या अनुयायांनी तर पुढे जाऊन म्हटलं की सुटा शब्द कुणी शिकतच नाही, क्रियेला जोडलेलाच शब्द शिकतो. विसाव्या शतकात विटगेनस्टाईननं गवंडी आणि त्याचा मदतनीस यांचं उदाहरण घेऊन बरंचसं याच वाटेवरचं सांगितलं, आणि आम्ही वर्गात ते मोठ्या भक्तिभावानं शिकवायचो. असो.

आता आम्ही कुठलंही भाषेचं अ‍ॅप उघडलं की एकच प्रश्न विचारतो: गाय कुठे आहे?

एक साधी परीक्षा घेऊ. इथून थोडं आत आपला धबधबा. पावसाळ्यात तिथे जायला मनाईचे आदेश निघतात, कारण तिथे माणसं बुडालेली आहेत. मनाईचा फलक घ्या. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसासाठी यापेक्षा अस्सल सामग्री कोणती? फोटो काढला, पडद्यावर लावला, खाली प्रश्न: कुठे जाण्यास मनाई आहे? किती काळ? कोणाच्या आदेशानं? मुलानं तिन्हींची उत्तरं बरोबर दिली, हिरवी खूण आली. पण तो फलक लिहिला कुणासाठी? अंधेरीहून चार मित्रांबरोबर आलेल्या, बूट भिजलेल्या, पाठीवर पिशवी असलेल्या पोरासाठी. त्याच्या दृष्टीनं तो फलक ‘वाचणं’ म्हणजे मागे फिरणं, आणि मित्र ओढत असताना मागे फिरणं. वर्गात मागे कुणीच फिरत नाही. मजकूर मुळातला आहे, शंभर टक्के. व्यवहार गळून पडला. आणि उलटंही बघा. मोबाईलचा कॅमेरा फलकावर धरला की दोन क्षणांत त्याचं भाषांतर दिसतं. अर्थ मिळाला. तरी जो जायचा तो जातोच.

तर अ‍ॅपचं बोलू. ड्युओलिंगोचं नाव घेतल्याशिवाय सुटका नाही. २०१२ साली ते सर्वांसाठी खुलं झालं. आज फारसं कुणाला आठवत नाही, पण त्याची मूळ कल्पना निराळी होती, आणि आमच्या मते आजच्यापेक्षा चांगली होती. शिकणाऱ्यांनी इंटरनेटवरचा खरा मजकूर भाषांतरित करायचा, आणि ते भाषांतर कंपनी विकणार. सीएनएन आणि बझफीड त्याचे गिऱ्हाईक होते. यात शोषण होतं का? असेल, वाद घालता येईल. पण गाय होती! तुमच्या भाषांतराची कुणाला तरी गरज होती, ते चुकलं तर कुणाचं तरी अडत होतं. तो धंदा चालला नाही. पुढे खऱ्या मजकुराचा तो विभागही बंद झाला. मग काय उरलं? घडवलेली वाक्यं, म्हणजे १९७० पूर्वीचं पाठ्यपुस्तक, फक्त आता ते वाजतं, चमकतं आणि तुम्ही एक दिवस चुकलात तर रुसतं. सलग किती दिवस केलं याचा आकडा लोक अभिमानानं दाखवतात. आम्हाला एका मुलानं चारशेच्या वरचा आकडा दाखवला. आम्ही त्याला जर्मनमध्ये नाव-गाव विचारलं. सांगितलं त्यानं. मग विचारलं, इथे कशानं आलास, बस की रिक्षा? तर तो आमच्या तोंडाकडे बघत राहिला, कारण खाली चार पर्याय आले नव्हते. (हशा) हसू नका, दोष त्याचा नाही. चारशे दिवस कुणीतरी त्याला पर्याय देत होतं.

याच्या उलट एक चांगलं सांगतो, नाहीतर म्हणाल म्हाताऱ्याला मोबाईलचा राग आहे. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचं फुकट साहित्य आहे. ‘निकोस वेग’ नावाची चित्रमालिका आहे, स्पेनहून आलेला निको नावाचा तरुण, विमानतळावरच त्याची बॅग हरवते आणि तिथून त्याची भाषा सुरू होते. रचलेली गोष्ट आहे, अस्सल सामग्रीच्या व्याख्येत बसत नाही. तरी आमच्या कसोटीला ती बरीच उतरते, कारण प्रत्येक वाक्यामागे कुणाचं तरी काहीतरी अडलेलं आहे. तिथेच सावकाश वाचलेल्या बातम्याही असतात, रोजच्या, खऱ्या. त्या मुळातल्या आहेत, फक्त वेग कमी केलेला. पण ऐकणाऱ्याचं त्यात काय अडलंय? बर्लिनच्या संसदेत कुणी काय म्हटलं यानं नालासोपाऱ्याच्या मुलीचं काही अडत नाही. ती शब्द मोजत ऐकते. म्हणजे बनावट गोष्टीत व्यवहार आहे आणि खऱ्या बातमीत नाही. विडोसन यांचा भेद इथे हातात येतो.

आणि आता आलेत बोलणारे यंत्रमित्र. कृत्रिम बुद्धिमत्तेशी रात्री दोनलाही जर्मनमध्ये गप्पा मारा. लाजाळू पोरांना याचा फायदा आहे, तोंड तरी उघडतं. आमची तक्रार एकच: तो फार सोशिक आहे. तुम्ही अडखळा, तो थांबतो. चुका, तो म्हणतो छान प्रयत्न. खरा माणूस असा नसतो. तिकिटाच्या खिडकीमागचा माणूस, रात्रपाळीची थकलेली डॉक्टर, वेदनेनं कळवळणारा रुग्ण यांच्याजवळ तुमच्यासाठी वेळ नसतो.

रुग्णाचं निघालं म्हणून बाडेन-व्युर्टेम्बर्गला जाऊ. त्या राज्याची एक प्रसिद्ध जाहिरात होती, १९९९ पासून २०२१ पर्यंतची, सरकारनंच केलेली. तिचा आशय असा, की आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही. स्वतःवरच विनोद! पण आपल्या मुलांसाठी तो विनोद नाही. परीक्षेच्या ध्वनिफितीत प्रमाण जर्मन. अ‍ॅपमध्ये प्रमाण जर्मन. बातम्या प्रमाण जर्मनमध्ये. आणि स्टुटगार्टच्या आसपासच्या वृद्धाश्रमातली नव्वदीची आजी बोलते स्वाबियन.

तीन शब्द सांगतो. प्रमाण जर्मनमध्ये ‘टेपिश’ म्हणजे जमिनीवरचा गालिचा. स्वाबियन माणूस अंगावर घ्यायच्या घोंगडीलाही टेपिश म्हणतो. आजीला थंडी वाजतेय आणि ती टेपिश मागतेय, आपली मुलगी खाली बघतेय. दुसरा शब्द ‘हेबेन’. पुस्तकात अर्थ उचलणं. स्वाबियनमध्ये धरून ठेवणं. उठताना तोल जाणारा म्हातारा म्हणतो, मला धर, आणि नर्स त्याला उचलायला जाते. यात कुणाचं तरी हाड मोडू शकतं. तिसरा शब्द ‘फूस’. आपल्याकडे फूस लावतात ती नव्हे. पुस्तकात फूस म्हणजे घोट्याखालचं पाऊल, आणि मांडीपासून घोट्यापर्यंतचा जो अवयव त्याला ‘बाइन’. स्वाबियन आजी मात्र कमरेपासून खाली सगळ्याला फूसच म्हणते. ती म्हणते फूस दुखतोय. आपली बी-२ झालेली मुलगी मोजा काढून पाऊल तपासते. दुखणं मांडीत.

आता गंमत बघा. मराठीत आपण काय म्हणतो? पाय. पाऊल हा शब्द आहे, मांडी आहे, पोटरी आहे, पण दुखतो तो पाय. आपली आजीही पाय दुखतो म्हणते आणि आपण विचारतो, कुठे गं, वर की खाली? म्हणजे त्या स्वाबियन आजीच्या भाषेची जाण आपल्या मुलीच्या मातृभाषेत आधीच आहे. ती वापरली कुणी? मोबाईलमधला पाठ इंग्रजीतून जातो. फूसच्या खाली इंग्रजी शब्द, बाइनच्या खाली दुसरा इंग्रजी शब्द, दोन चित्रं, दोन खुणा, पाठ संपला. इंग्रजीतही ते दोन अवयव वेगळे, त्यामुळे जोडी चपखल बसते आणि मराठी मनात जो ‘पाय’ होता तो कामाचा असूनही बाजूला पडतो. मराठी मुलांसाठी मराठीतून, मराठीशी ताडून पाहत केलेला जर्मनचा पाठ असता तर शिक्षकानं हे दहा मिनिटांत सांगितलं असतं. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागानं उलट दिशेचं काम केलेलं आहे, अमराठी लोकांना मराठी शिकवण्याची ‘माय मराठी’ ही पुस्तकं. जर्मन शिकवण्याचा अनुभव मराठीच्या कामी आला. तसं मराठीचं शहाणपण जर्मनच्या कामी लावायला काय हरकत आहे?

साधनांवरची आमची मुख्य टीका इथे येते. प्रत्येक साधनात ‘पुन्हा ऐका’चं बटण असतं. कळलं नाही, दाबा. पुन्हा नाही कळलं, पुन्हा दाबा. उपयोगी आहे, पण त्या बटणानं एक फार मोठी गोष्ट शिकवायची राहून जाते, ती म्हणजे माणसाला परत विचारणं. आजीला बटण नाही. तिला विचारावं लागतं, तिचा मान राखून, ती वैतागणार नाही असं: तुम्ही खाली म्हणालात का? हाताने दाखवता का? इथे का, इथे? ही पाच-सात वाक्यं ज्या मुलीच्या तोंडात बसली ती स्वाबियन न शिकताही निभावून नेईल. नाही बसली तर बी-२ चा कागद घेऊन मान डोलावत राहील. न कळता मान डोलावणं दवाखान्यात चालत नाही.

आणि हे शिकवायला स्टुटगार्ट लागत नाही. वसई लागते! इथे कादोडी आहे, वाडवळी आहे, मांगेली आहे, पलीकडच्या पाड्यांवर वारली आहे. प्रमाण मराठीत वाढलेली शहरातली मुलगी यातल्या एखाद्या म्हातारीसमोर बसवा. काम द्या: कुठे दुखतं, कधीपासून, काय खाल्लं, हे विचारून लिहून आण. तिला निम्मं कळणार नाही. न कळलेलं परत कसं विचारायचं, कुठे अंदाज करायचा नाही, हे ती तिथे शिकेल. मग तोच प्रसंग वर्गात जर्मनमध्ये करा. यात मोबाईल वापरा की, जरूर वापरा. आजीची परवानगी घेऊन तिचं बोलणं ध्वनिमुद्रित करा, वर्गात सगळ्यांनी मिळून ऐका, कुठे चुकलो ते शोधा. इथे यंत्र व्यवहाराच्या पोटात आलं. मॅक्सिन बर्नसन अमेरिकेतून आल्या, फलटणला राहिल्या आणि जाई निंबकरांच्या बरोबरीनं परदेशी लोकांसाठी मराठीची पुस्तकं केली, त्यांचं मराठीचं संदर्भ-व्याकरण १९७५ चं. त्या पुस्तकांमागे एका गावात राहणं आहे.

याच रस्त्यावर कामणपर्यंतच्या गाळ्यांत उत्तर प्रदेश-बिहारकडची मुलं काम करतात. त्यांच्यातल्या कितीकांनी व्यवहारापुरतं मराठी उचललेलं आहे. कुठल्या अ‍ॅपवर? कुणीतरी म्हणालं तो पाना दे, त्यानं हातोडी दिली, शिवी बसली, पाना कळला. मीमांसकांची गाय ती हीच. शिवीचं समर्थन आम्ही करत नाही, पण वस्तू, काम आणि बोलणारा माणूस एका जागी होते, हे नोंदवून ठेवतो.

काही प्रश्न चिठ्ठ्यांवर आलेत. एक घेतो. “सर, मग अ‍ॅप काढून टाकू का?” नको, कशाला? जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग आहे आणि ते पाठच करावं लागतं, टेबल पुल्लिंगी, मुलगी नपुंसकलिंगी. आपल्याला तीन लिंगांची सवय आहे, ‘ते पोरगं’ आपणही म्हणतो, तेव्हा घाबरू नका. पण घोकावं लागतं, आणि घोकायला मोबाईलसारखा गडी नाही. वसई ते चर्चगेट सव्वा तास आहे, घोका.

दुसरी चिठ्ठी एका मुलीची आहे, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे म्हणते. “स्वाबियन ऐकायचं कुठे?” बाळ, स्टुटगार्टमधून चालणारी एस-डब्ल्यू-आर ही सार्वजनिक प्रसारण संस्था आहे, इंटरनेटवर तिचे कार्यक्रम मिळतात. बातम्या ऐकू नकोस, त्या प्रमाण भाषेत असतात. गावाकडचे कार्यक्रम शोध, जत्रा, शेतकरी, स्वयंपाक, म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती. आठवड्यात एक पुरे, पण एकटी ऐकू नकोस, दोघी-तिघी बसा. जे कळलं नाही ते एकमेकींना जर्मनमध्ये विचारा, बटण न दाबता.